हौसाला रडायला शिकवताना

पोरी आपसूक रडतात, त्यांना रडायला शिकवायला पगारी बाई कशाला लागते, असं माझ्या थोरल्या भावानं मला विचारलं होतं. भोरच्या मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून मी तेव्हा पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत लागले होते, आणि सुट्टी संपवून परत निघाले होते. हा प्रश्न मलाही पडलेला होता, त्यामुळे उत्तर न देता मी ट्रंक बांधत राहिले. आता ती नोकरी संपली आहे, भावाचे केस पिकले आहेत आणि उत्तर माझ्याकडे आहे. फक्त ते जरा लांबलचक आहे.

खरं सांगायचं तर कंपनीनं मला शिकवायला घेतलंच नव्हतं. बोलपट नुकते बोलायला लागले होते, कंपनीला मुली हव्या होत्या, आणि मुलींना आया असतात. त्या आयांशी बोलायला एक बाई हवी होती. विधवा, शिकलेली, साधी राहणारी. जिच्याकडे बघून आईला वाटावं की ही आहे तोवर भानगड व्हायची नाही. शाळेच्या संमेलनात मी मुलींची नाटकं बसवत असे, हे कंपनीच्या गावीही नव्हतं. पण तिथे एखादं माणूस रिकामं दिसलं की त्याच्या गळ्यात काम पडे. थोड्याच दिवसांत मी मुलींच्या तालमी घेऊ लागले आणि सगळे मला नुसतं 'बाई' म्हणू लागले. माझं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

हे काम काय असतं ते सांगते. नाटकातला नट मागच्या बाकावरच्या माणसासाठी काम करतो, म्हणून हात उगारतो, आवाज चढवतो. कॅमेरा नाकासमोर येऊन बसतो, आणि तो फार निर्बुद्ध प्रेक्षक आहे. त्याला समोर दिसेल तेवढंच कळतं. पाठीवरून हुंदका ओळखणं त्याला जमत नाही. म्हणून मुलीला शिकवायचं ते इतकंच: खडूनं आखलेल्या खुणेवर खाली न बघता येऊन थांबायचं, दिव्यांसमोर डोळे बारीक करायचे नाहीत, आणि मनात जे असेल ते तोंडावर येऊ द्यायचं. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही येतात. माझं काम होतं ते तिसरीचं. आणि ही तिसरी चांगल्या घरच्या मुलींना मुळीच येत नसे. भोरच्या एका कारकुनाची मुलगी होती. चित्रात ती बाण लागून मरायची, आणि मरून पडली की हळूच पायावरचं लुगडं सारखं करायची. तिला किती सांगितलं तरी ते प्रेत काही निर्लज्ज होईना.

हौसाचं मात्र वेगळंच होतं. पडद्यावरचं तिचं नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण ते नाव आम्हीच चहा पिता पिता ठेवलं होतं. तिच्या आईनं ठेवलेलं नाव हौसा.

तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत आमचं बाहेरचं चित्रण चाललं होतं. लढाईचा देखावा होता. घोडेस्वार गावात घुसतात आणि गावकरी भिऊन पळतात, एवढंच दाखवायचं होतं. गर्दीला वाडीतलीच माणसं घेतली होती, आणि ती घोडे बघून खुशीत होती. भीती कुणालाच वाटेना. बायका तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होत्या. एक मुलगी मात्र हसत नव्हती. ती बांधावर उभी राहून आमच्या दिग्दर्शकांकडे असं काही बघत होती, की मीच दोन पावलं मागे सरले. दिग्दर्शकांना आम्ही नाना म्हणायचो.

नाना तिच्याजवळ गेले. "काय गं, घोड्यांना भ्यायलीस?"

"घोडी तुमची हाईत का?" तिनं विचारलं.

"हो, आमचीच."

"मंग ती ज्येच्यात उभी हाईत, ती नाचनी कुनाची?"

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हिच्या आईला भेटा."

आई म्हणजे भागाबाई. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. थोरली हौसा, धाकटी यमी. हौसाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पोरगी तोंडाळ आहे असं वरपक्षाला म्हणे उशिरा कळलं. आता चुलत्यानं हिर्डोशीकडचा एक बिजवर हेरून ठेवला होता. बिजवराची पोरं हौसाच्याच वयाची होती, त्यामुळे घरात सोबत होईल असं चुलत्याचं म्हणणं.

भागाबाईनं आढेवेढे घेतले नाहीत. "बाई, न्या पोरीला. हितं राहून तरी काय करनार. पर येक सांगते. समदी म्हनत्यात, जमलं न्हाई तर माघारी ये. म्या म्हनते, जमलं तरी माघारी आली पायजे. यमीच्या लग्नात ही मला मांडवात पायजे, ती बी थोरली म्हनून. शिनेमातली बाई म्हनून आली तर मला नगं."

"येईल की," मी म्हणाले. आयांना धीर देण्याचीच तर माझी नोकरी होती.

"आसं वाऱ्यावर नगं. तुमी सोता घिऊन या तिला."

मी कबूल केलं. तेव्हा ती गोष्ट मला प्रवासाची वाटली होती. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, त्यात अवघड ते काय.

पुण्याला हौसा माझ्याच बिऱ्हाडी राहिली आणि भराभर शिकली. बांधावरून चालायची सवय असल्यामुळे खुणेवर पाऊल अचूक पडायचं. दिव्यांना ती घाबरली नाही. फक्त एवढ्या उजेडात कुणी वाळवण का घालत नाही, असं तिनं दिवेवाल्याला विचारलं. पुस्तकी बोलणं तिनं पाठांतरानं उचललं आणि आमच्याशी बोलताना ते पुन्हा खाली ठेवलं. राग तर तयारच होता. घोडं अडलं ते रडण्यावर.

चित्र ऋषींच्या आश्रमातलं होतं. हौसा ऋषिकन्या. भाऊ युद्धात पडल्याची बातमी येते आणि ती रडते. पहिल्या चाचणीला हौसा अशी रडली की मंचावरचे सुतार हातोडे ठेवून उभे राहिले. नानांनी स्वतः नाक पुसलं. मग चार दिवसांनी फिल्म धुऊन आली. अंधाऱ्या खोलीत बसून आम्ही ती बघितली, तर पडद्यावर हुंदके देणारं एक लुगडं होतं. बातमी कानावर पडताक्षणी तिनं पदर ओढून तोंडावर घेतला होता, आणि पुढचं सगळं दुःख त्याच्या आत झालं होतं.

नाना म्हणाले, "बाई, हे लुगडं उत्तम रडतं. आत कोण आहे ते आता लोकांना दाखवा."

मी हौसाला बसवून समजावलं. तिला ते पटेना.

"बाई, तोंड उघडं टाकून कोन रडतं? ल्हान प्वार, न्हाईतर दारू प्यालेला बाप्या."

"पण लोकांना दिसायला नको का?"

"लोकांनी बघावं म्हनून रडायचं व्हय?"

"हो. तीच आता आपली नोकरी आहे."

यावर तिनं माझ्याकडे थोडा वेळ कीव केल्यासारखं बघितलं. मग तिनं तिच्या वाडीची रीत मला समजावली. बाई रडायला लागली की पदर तोंडावर घेते. समोरची बाई तिच्या गळ्यात पडते, आपलाही पदर वरून टाकते, आणि दोघी सूर काढून रडतात. आत काय चाललंय ते बाहेरच्यानं बघायचं नसतं.

"आनि आत कोणी रडतच नसलं तर?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीच जीभ घसरायला लागली होती.

"तरीबी बघायचं न्हाई. माजी चुलती तिची सासू मेली तवा पदराखाली मिसरी लावत हुती. सूर येकदम बराबर."

"आणि लोकांना कळलं नाही?"

"समद्यांस्नी ठावं हुतं. म्हनून पदर कोन उचलतंय?"

भाजून कुटलेली तंबाखू दातांना चोळत सासूसाठी सूर काढणारी ती चुलती माझ्या डोळ्यांपुढून पुढे कितीतरी दिवस हलेना. हा पदर म्हणजे साधी लाज नव्हती, हे मला तेव्हा कळलं. रडणारीला त्याच्या आत मोकळीक होती, आणि न रडणारीलाही. आम्ही मात्र पगार देऊन तो पदर खाली ओढायला बसलो होतो.

आणि ओढला. मी पदर कमरेला खोचून टाचणी लावली, तर तिनं कोपरात तोंड घातलं. दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी दिल्या, तर ती भिंतीकडे वळून रडली. आणि घागरींतून एक थेंबही सांडला नाही, त्याचं तिलाच कौतुक. डोळ्यांत ग्लिसरीन घालून बघितलं. ते तिनं लगेच पदरानं पुसलं आणि म्हणाली, "बाई, त्याल गेलं डोळ्यात." शेवटी मी तिला एकच सवय लावली: पदराकडे हात निघाला की तो छातीशी थांबवायचा. रोज तालीम. हात निघाला की मी म्हणायची "थांब," आणि हात थांबायचा. पण हात थांबला की रडणंही थांबायचं. पदर नाही तर पाणी नाही.

नानांचा धीर सुटला. "दसऱ्यापर्यंत बघू. दुसरी एक मुलगी बघून ठेवलीय. हिला मग घरी सोडून या."

हे हौसाच्या कानावर गेलं. कंपनीत भिंतींना कान नसतात, शिंप्यांना असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात गेले, तर हौसा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंड उघडं. हात पिठाचे. मधूनच मनगटाच्या मागच्या बाजूनं ती डोळा चोळत होती, जरा चिडूनच.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. लाकडं वली हाईत."

मी चुलीकडे बघितलं. चूल खणखणीत पेटली होती. धुराचा मागमूस नव्हता.

मी तिथेच पाटावर बसले. "हौसा, तुझी आई कुठं रडायची गं?"

"आई रडत न्हाई."

"आणि लाकडं ओली असली की?"

तिनं भाकरी उलटली. "बा गेल्यापासनं लाकडं समदी वलीच निगायची," ती म्हणाली. "माजं लगीन मोडलं तवा तर लई वली हुती."

चारचौघांत रडायचं असलं तर पदर, आणि खरंखुरं रडायचं असलं तर चूल. धुरानं डोळ्यांत पाणी आलं तर त्यात लाजायचं काही नसतं, म्हणून तिथे तोंड झाकावं लागत नाही. मला स्वतःला नवरा गेल्यावर रडायला फारशी सवड मिळाली नव्हती. पण त्या वर्षी माझ्याही स्वयंपाकघरात धूर फार व्हायचा, हे मला तिथे पाटावर बसल्या बसल्या आठवलं.

मी तशीच उठून नानांकडे गेले आणि म्हणाले, "रडण्याच्या जागेला चूल हवी."

"ऋषिकन्या चूल फुंकते?" नाना म्हणाले. "बाई, हे पुराण आहे, खानावळ नाही."

"मग होम पेटवा. आश्रमच आहे ना."

होमकुंड बांधलं. मी हौसाला सांगितलं, तुला रडायचं नाहीये. बातमी येईल, तू कुंडात समिधा घालत राहायचं. त्या ओल्या आहेत असं समज. भावासाठी रडतेस असं कुणाला कळता कामा नये. दिवे लागले, बातमी आली. हौसानं समिधा घातली, फुंकर घातली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. तोंड उघडं, मान ताठ. मनगटाच्या मागच्या बाजूनं तिनं डोळा चोळला, त्या बिचाऱ्या होमावर चिडल्यासारखं. नाना 'थांबा' म्हणायचं विसरले, फिल्म संपेपर्यंत कॅमेरा चालत राहिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चित्र चाललं. हौसाच्या रडण्यावर विद्वानांनी लेख लिहिले. तिचा अभिनय संयत आहे, ती अश्रू ढाळत नाही तर आवरते, वगैरे. एकानं तर तिचा संबंध परदेशी नाट्यकलेशी जोडला. मी ते तिला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, "त्येंच्याकडं बी चुलीच हाईत का, बाई?" तिची जुनी चित्रं पुन्हा लागली तर नीट बघा. जिथे जिथे ती रडली आहे तिथे जवळपास काहीतरी पेटलेलं आहे. समई, निरांजन, शेगडी. एका चित्रात तर नायक समोर विडी ओढतो आहे. ती खास माझी युक्ती. नंतर नंतर तिला जाळही लागेनासा झाला. 'थांब' म्हणायचीही गरज उरली नाही. पदराकडे निघालेला हात आपला आपण छातीशी थांबायचा. मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये? हौसाच्या मागून आलेल्या मुलींना मी हौसासारखंच रडायला शिकवत होते, आणि कंपनी माझ्यावर खूश होती.

यमीचं लग्न ठरलं तेव्हा लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, तरी कुणी तरी ओळखीनं नसरापूरपर्यंत मोटार दिली. पुढे बैलगाडी. कबूल केल्याप्रमाणे मी स्वतः हौसाला घेऊन गेले. वेल्हे मागे पडल्यावर म्हणाली, "बाई, मला नवऱ्याकडची लोकं वळखतील का?"

"ओळखू नयेत असं वाटतं का?"

"मांडवात तरी."

मांडवात तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. साऱ्या वाडीत ती एकच खुर्ची, चावडीतून आणलेली. हौसा त्या खुर्चीवर मला बसवून आत गेली आणि पंगतीला भात वाढायला लागली. दुपारपर्यंत बायकांनी तिला चुलीची कामं सांगायला सुरुवात केली, एकीनं तर भात करपवला म्हणून झापलं. मला बरं वाटलं. भागाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आनली हो बाई तुमी. थोरलीच आनली." मी मनात म्हटलं, झालं. प्रवासाचीच तर गोष्ट होती.

मग पाठवणीची वेळ झाली. दारात गाडी जुंपली. यमी एकेकीच्या गळ्यात पडायला लागली. पदरावर पदर, सुरावर सूर, सगळं रीतसर चाललं होतं. यमी हौसाकडे आली आणि तिच्या गळ्यात पडली. हौसाचा हात पदराकडे निघाला आणि छातीशी येऊन थांबला.

तो थांबलेला हात मी लगेच ओळखला. तालीमच माझी होती.

हौसा रडायला लागली. तोंड उघडं, मान ताठ. जवळ ना समई होती ना शेगडी. मी तिला इतक्या वर्षांत इतकं खरं रडताना बघितलं नव्हतं, आणि ते दिसत होतं अगदी चित्रातल्यासारखं. तिच्या शेजारची बाई पदराचं टोक उचलून बघायला लागली. मग तिच्या शेजारची. एकेक सूर बंद पडत गेला. नवऱ्याकडचा एक बाप्या नीट दिसावं म्हणून गाडीच्या चाकावर चढला. शेवटी यमीनं सुद्धा मान मागे घेऊन बहिणीच्या तोंडाकडे बघितलं, आणि नवरीच रडायची थांबली.

"काय रडतीया बया," विहीण म्हणाली. "हुबेहूब."

"नोकरीच हाय तिची ती," दुसरी म्हणाली. तिनं वाईट म्हणून म्हटलं नव्हतं, कौतुकच केलं होतं.

हौसानं ते ऐकलं. तिला थांबायचं होतं, हे मला दिसत होतं. पण आता ती थांबली असती तरी ते थांबणंही बघायला लोक उभे होते. मी पुढे झाले, आणि पुढे होऊन काय करायचं ते मला कळेना. पदर खाली ओढण्याची माझी इतक्या वर्षांची सवय. तो वर घ्यायचा कसा, याची तालीम मी कुणालाच दिली नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून भागाबाई आली. तिनं चाकावरच्या बाप्याच्या पायावर एक चापट मारली, "उतर की रं, जत्रा हाय व्हय?" मग बायकांकडे वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "धूर लागलाय तिला. सकाळधरनं चुलीम्होरं हाय पोरगी. लाकडं वली हाईत."

भागाबाईनं आपला पदर सोडला, दोन्ही हातांनी पसरला, आणि हौसा आणि यमी दोघींच्या डोक्यांवरून टाकून स्वतः आत शिरली. जरा वेळ नुसतं लुगडं दिसत होतं. मग आतून सूर निघाला. तीन सूर होते, हौसाचा कुठला ते सांगता येईना. बाहेरच्या बायकांनी सुटल्यासारखं एकमेकींकडे बघितलं, पदर पुन्हा तोंडांवर घेतले आणि जिथं सोडलं होतं तिथून रडायला लागल्या.

गाडीवान बराच वेळ वाट बघून माझ्याजवळ आला. उन्हं कलत होती, त्याला घाट उतरायचा होता.

"बाई, लई येळ झाला. आत रडत्यात का काय करत्यात?"

"मिसरी लावत असतील," मी म्हणाले. "तू बैल धर."